डाळिंबी रेघांची भिंत

आमच्या घरात एक वाक्य दिवसातून शंभरदा बोललं जातं, आणि ते ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. ते वाक्य म्हणजे, ‘वहिनींना विचार.’

मोजे सापडत नाहीत? वहिनींना विचार. गॅसचा नंबर लावला का? वहिनींना विचार. समोरच्यांच्या मुलीचं लग्न ठरलं की फिसकटलं? वहिनींना विचार. बाहेरच्याला वाटावं, काय मान आहे या बाईला! हिला विचारल्याशिवाय घरातलं पान हलत नाही. नवी नवरी म्हणून मी आले तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. पुढे कळलं की जे शोधायला उठावं लागतं, जे लक्षात ठेवायचा कंटाळा येतो, ते सगळं वहिनींना विचारायचं असतं. आणि ज्यात काही ठरवण्याची मजा आहे, म्हणजे गाडीचा रंग, सुट्टीत कुठे जायचं, पडदे कसले घ्यायचे, ते वहिनींना नंतर सांगायचं असतं. तेही आठवलं तर.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. माझ्या मोठ्या दिरांना आम्ही सगळे दादा म्हणतो, त्यांची बायको. पण नात्याचा हिशेब सोडून त्या अख्ख्या गल्लीच्याच वहिनी आहेत. दूधवाला वहिनी म्हणतो, दादांच्या ऑफिसातला शिपाई वहिनी म्हणतो, मीही वहिनीच म्हणते. एकदा त्यांचा सख्खा मुलगा मित्रांच्या घोळक्यात बसून ‘वहिनी, चहा!’ म्हणून ओरडला होता. सगळे पोट धरून हसले. वहिनीही हसल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

लग्नाआधी त्या टायपिंगच्या क्लासात शिकवायच्या. खटखट करणाऱ्या मशीनांच्या रांगेतून फिरत, बोटांकडे बघणाऱ्या मुलांची हनुवटी वर करत. लग्नानंतरही काही काळ जात होत्या. मग सासूबाईंची कंबर धरली आणि वहिनींनी तात्पुरती सुट्टी घेतली. सासूबाई बऱ्या झाल्या, पुढे यथावकाश गेल्याही, ती तात्पुरती सुट्टी मात्र अजून चालू आहे. क्लासातलं एकच उरलंय. राग आला की वहिनींची बोटं जिथे असतील तिथे टाइप करायला लागतात. ओट्यावर, मांडीवर, कुकरच्या झाकणावर. तोंडाने अवाक्षर काढत नाहीत. काय टाइप करता, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाल्या, “तुझ्याबद्दल काही नाहीये, निश्चिंत राहा.”

तर अशा या वहिनींच्या स्वयंपाकघराची भिंत वरच्या मजल्यावरच्या गळतीने फुगली, पोपडे भाजीत पडायला लागले आणि घराने ठरवलं की आता सगळंच नवं करायचं. घराने ठरवलं म्हणजे दादांनी, आमच्या ह्यांनी, वहिनींच्या चिरंजीवांनी आणि बेबीताईंनी. बेबीताई म्हणजे आमच्या नणंदबाई. त्यांची मुलं मिशीवाली झाली तरी त्या बेबीच आहेत. दोन गल्ल्या सोडून राहतात, पण आमच्या घरात काय हवं ते आमच्याआधी त्यांना कळतं. चिरंजीवांनी मोबाइलवर थ्रीडी चित्र काढलं, त्यात बेबीताईंनी राखाडी कपाटं निवडली, दादांनी काळा ग्रॅनाइट पसंत केला. कपाटांचा रंग वहिनींना कसा कळला माहीत आहे? सुतार जुनी कपाटं उचकटायला आला, तो म्हणाला, “राखाडी छान दिसेल हो तुम्हाला.” वहिनींना वाटलं, केसांबद्दल बोलतोय.

राहता राहिली ओट्यामागची भिंत. टाइल बसवणारा कारागीर तिला डाडो म्हणायचा. त्याने पहिल्यांदा ‘डाडो, डाडो’ केलं तेव्हा दादा पेपर खाली ठेवून “काय रे?” म्हणाले होते. त्या डाडोच्या टाइल घ्यायला आम्ही वाजतगाजत दुकानात गेलो. वहिनींना का नेलं? कपाटाच्या दाराचा नमुना आणि ग्रॅनाइटचा तुकडा, दोन्ही जड होते. पिशवी त्यांच्या हातात होती.

दुकानात बेबीताईंनी ताबा घेतला. “कपाटं मध्यम, ओटा गडद, म्हणजे भिंत फिकी हवी. हा नियमच आहे.” कुठला नियम, कुणी केला, विचारायची सोय नव्हती. विक्रेता टाइलमागून टाइल काढत होता, चिरंजीव फोटो काढून थ्रीडीत चिकटवत होते, दादा “लवकर आटपा” म्हणत होते. मी बघत होते वहिनींकडे. त्या कपाटाच्या नमुन्याचा तुकडा घेऊन दुकानाच्या दारापाशी उजेडात गेल्या होत्या. त्यांनी तो खुर्चीवर उभा केला, पुढ्यात ग्रॅनाइट आडवा ठेवला, आणि मागे एक टाइल टेकवली. हाताच्या पंजाएवढी, डाळिंबी रंगाची, कडेला किंचित ओबडधोबड. मग दोन पावलं मागे जाऊन बघत राहिल्या. कितीतरी वर्षांनी मी त्यांना कशाकडे तरी नुसतंच बघताना बघत होते.

“ही कशी वाटते?” त्यांनी विचारलं.

त्यानंतर जे हसू फुटलं ते मी विसरणार नाही. बेबीताईंनी आधी दादांकडे बघितलं, मग तोंडावर रुमाल धरला. “अगं वहिनी, स्वयंपाकघर करतोय आपण, सर्कशीचा तंबू नाही!” आमचे हे म्हणाले, “वहिनी, रोज ही भिंत बघून भूक लागायच्या ऐवजी घाबरायला होईल हो.” चिरंजीव म्हणाले, “आई, प्लीज.” ते एक ‘प्लीज’ तर असं होतं की माझा हात शिवशिवला. मी म्हटलं, “चांगली दिसतेय की! लावून तर बघा थ्रीडीत.” “काकू, तू पण ना,” एवढंच उत्तर मिळालं. वहिनींनी टाइल होती तिथे ठेवली. बोटं ग्रॅनाइटवर टपटप वाजत होती. शेवटी पांढरी गुळगुळीत टाइल ठरली. पांढरी! जिथे दिवसभर तेल उडतं त्या भिंतीला, आणि ठरवणारे असे, की त्यातल्या कुणाला शेगडी पुसायचं फडकं कोरडं असतं की ओलं हे ठाऊक नाही.

टाइल लागल्या त्या दिवशी मी रजा घेऊन घरीच होते. पुरुष मंडळी आपापल्या कामावर. धुळीमुळे शेगडी बाहेरच्या खोलीत आली होती, तिच्यापाशी वहिनी होत्या आणि मी तिथेच मटार सोलत होते. कारागीर आतून म्हणाला, “आता सांधे भरायचे. कुठल्या रंगाने भरू?”

हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. टाइलवर एवढा खल झाला, पण दोन टाइलांच्या मध्ये फट असते आणि ती कशाने तरी भरावी लागते, हे ना थ्रीडीत होतं ना बेबीताईंच्या नियमात. कारागिराने बेबीताईंना फोन लावला. हात बरबटलेले, म्हणून फोन ओट्यावर ठेवून आवाज मोठा केला. पलीकडे ब्यूटी पार्लरचा गलबला होता. त्याने आपलं विचारलं. आणि बेबीताई वैतागून म्हणाल्या, “अहो, असलं बारीकसारीक मला काय विचारता? वहिनींना विचारा!”

फोन बंद झाला. कारागिराने सरळ मनाने मान वळवली. “कुठला रंग भरू?”

वहिनींनी शेगडी बारीक केली. मग म्हणाल्या, “कुठलाही भरता येतो?”

“कार्डावर आहे तो कुठलाही.”

त्यांनी हात धुतले, पदराला पुसले, चष्मा लावला आणि रंगांचं कार्ड घेऊन खिडकीशी गेल्या. मी मटार सोलायची थांबले होते.

“हा.”

“डाळिंबी?” कारागीर गोंधळला. “पांढऱ्या टाइलला?”

“दिसेल ना?”

“दिसेल म्हणजे? दुसरं काही दिसणारच नाही.”

“मग भरा.”

“बाई, हे एपॉक्सी असतं. एकदा घट्ट झालं की निघत नाही. टाइल फुटेल, हे सुटणार नाही. नंतर माझ्या नावाने शिमगा नको.”

“भरा म्हटलं ना.”

टायपिंगच्या क्लासात त्या असाच आवाज काढत असणार. कारागीर मुकाट्याने दुपारी त्या रंगाचा डबा घेऊन आला, आणि संध्याकाळपर्यंत पांढऱ्या भिंतीवर आडव्या-उभ्या डाळिंबी रेघा उमटल्या. बारीक, सरळ, एकसारख्या. मागच्या पांढऱ्यामुळे त्या अशा काही उठून दिसत होत्या की राखाडी कपाटांकडे लक्षच जाईना. छान दिसत होतं का? मला पहिल्यांदा शाळेतली चौकटीची वही आठवली. मग वहिनींनी दिवा लावला, आणि माझं मत बदललं. पण माझं मत गेलं चुलीत. त्यांना विचारलं होतं, त्यांनी सांगितलं होतं. विषय संपला.

विषय कसला संपतोय! संध्याकाळी घर भरलं आणि फटाक्यांची माळ लागली. चिरंजीव म्हणाले, “आई, हे थ्रीडीत नव्हतं.” आमचे हे म्हणाले, “वहिनी, हे चुकून झालं की मुद्दाम?” दादांनी दारातूनच बघितलं आणि म्हणाले, “अगं, एवढं काय अडलं होतं?” बेबीताई तर चपला न काढताच आत आल्या. त्यांचा चेहरा असा, जणू त्यांच्याच साडीवर कुणी रंग ओतलाय.

“का केलंस असं, वहिनी?”

“मला आवडतो तो रंग.”

“अगं पण का?”

“आवडतो म्हणून.”

हे उत्तर घरातल्या एकाही शहाण्याला पटलं नाही. त्यांना कारण हवं होतं. मग कारणं शोधणं सुरू झालं, तेही वहिनींच्या देखत. चष्म्याचा नंबर वाढला असेल. बीपीची गोळी बदलली तेव्हापासून जरा तशीच वागते. या वयात बायकांचं होतं असं काहीतरी. दुकानात हसलो त्याचा डूख धरला असेल. एका बाईला एक रंग आवडतो, एवढी साधी गोष्ट मानायच्या ऐवजी यांना तिला आजारी पाडणं सोपं वाटत होतं! मला इतकी तिडीक गेली की मी ताटं आपटूनच वाढली. आमच्या ह्यांनी विचारलं, “तुला काय झालं?” मी म्हटलं, “माझीही गोळी बदलली आहे.”

पण वहिनी खुशीत होत्या. स्वयंपाक करताना गुणगुणायला लागल्या. भाजी परतता परतता एका रेघेवरून बोट फिरवायच्या, डाग दिसला की लगेच पुसायच्या, आणि ते पुसणं कपाळाला आठ्या घालून केलेलं नसायचं. शेजारणी बघायला आल्या. कुणी नाक मुरडलं, कुणी कारागिराचा नंबर मागितला. वहिनी दोघींनाही सांगायच्या, “रंग मी निवडला.” मी इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून ‘मी’ने सुरू होणारी वाक्यं फारशी ऐकली नव्हती. ‘मी टाकते चहा’, ‘मी बघते’, एवढीच.

मग त्यांच्या बहिणीचं ऑपरेशन ठरलं आणि त्या तिच्या घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर जिन्यातच धूळ होती. आत गेले. हॉलभर चादरी पसरलेल्या, आणि स्वयंपाकघरात फुटक्या टाइलांनी भरलेल्या गोणी. भिंतीवर नव्या पांढऱ्या टाइल, त्यांचे सांधेही पांढरेच. कारागीर हत्यारं धूत होता. बेबीताई स्टुलावर बसून चहा पीत होत्या, तो त्यांनी स्वतः केलेला नव्हता, बाहेरून मागवला होता.

कारागीर मला बघून म्हणाला, “मोठ्या बाईंना चालणार आहे ना? फोडताना जिवावर आलं होतं. पण ह्या म्हणाल्या, त्यांना विचारलंय.”

मी बेबीताईंकडे बघितलं. “विचारलं होतंत?”

“आता त्यात काय विचारायचं? तिच्या भल्यासाठीच केलं. लोक हसतात तिला.”

“कोण लोक? नाव सांगा एकाचं.”

“आवाज कमी कर.”

“नाही करत! दोन दिवस ती बाई घरात नाही, तर भिंत फोडलीत? चोर येतात तशी वेळ साधून?”

दादा आतल्या खोलीत टीव्हीचा आवाज वाढवून बसले होते. चिरंजीव म्हणाले, “काकू, आईसाठी सरप्राइज आहे ते. तू उगाच ताणू नकोस.” आमचे हे मला बाजूला घेऊन म्हणाले, “अगं, आपल्याला काय करायचंय? त्यांचं ते बघतील.” त्या रात्री मी ह्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. वहिनींना फोन करून सांगावं असं दहादा मनात आलं, पण त्या हॉस्पिटलात बहिणीच्या उशाशी बसलेल्या. कुठल्या तोंडाने सांगू, तुमची भिंत गेली म्हणून?

त्या परत आल्या त्या संध्याकाळी सगळे हॉलमध्ये हजर होते. बेबीताई खास आल्या होत्या. वहिनींनी बॅग ठेवली, बहिणीची तब्येत सांगितली आणि पाणी प्यायला आत गेल्या. ग्लास घेतल्याचा आवाज आला. नळाचा आवाज आलाच नाही.

त्या बाहेर आल्या तेव्हा ग्लास रिकामाच होता. सोफ्यावर माझ्या शेजारी बसल्या. या सोफ्यावर मी त्यांना पाहुणे असतानाच बसलेलं बघितलंय, तेही अगदी काठावर. आज त्या मागे टेकून बसल्या.

“सरप्राइज, आई!” चिरंजीव म्हणाले.

बेबीताई म्हणाल्या, “बघ आता कसं मॅच झालंय. कपाटं, ओटा, भिंत, सगळं एकात एक. छान दिसतंय की नाही?”

“छान दिसतंय,” वहिनी म्हणाल्या.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. दादा तर चक्क हसले. “मी म्हटलं नव्हतं? तिला पटेल. उगाच घाबरत होता तुम्ही.”

मला राहवेना. मी उसळलेच. “काय पटेल? त्यांना न विचारता, खोटं सांगून, त्यांच्या माघारी...”

“तू थांब,” वहिनींनी मला अडवलं. “मला बोलता येतं.”

त्यांचा आवाज चढलेला नव्हता, पण बोटंही टाइप करत नव्हती. मांडीवर स्वस्थ पडली होती.

दादांनी घड्याळाकडे बघितलं. “बरं, जाऊ दे आता. जेवणाचं काय?”

“तेच सांगते,” वहिनी म्हणाल्या. “लग्न होऊन आले त्या दिवसापासून मी त्या भिंतीकडे तोंड करून उभी आहे. तुम्हाला कुणाला ती भिंत कधी दिसली नाही. तुम्हाला माझी पाठ दिसत होती. पाण्याला आलात तरी पाठ, चहाला आलात तरी पाठ. भिंत मी एकटीने बघितली. पोपडे आलेली, तेलकट, काळी पडलेली. एकदाच ती मला बघावीशी वाटली. ती तुम्ही फोडलीत.”

“अगं, पण आता किती सुंदर...” बेबीताईंनी सुरुवात केली.

“हो ना. तुम्हाला आवडलीय ना? मग आता तुम्ही तिच्यासमोर उभं राहायचं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. पोटभर बघा.”

“म्हणजे?” दादा म्हणाले.

“म्हणजे मी आजपासून इकडे तोंड करून बसणार.”

बेबीताईंनी पर्स उघडली आणि परत बंद केली. चिरंजीव मोबाइलकडे बघत होते, पण स्क्रीन काळीच होती. मला नेहमीसारखं अवघडल्यासारखं झालं. सगळे उपाशी, दिवेलागण झालेली, कुकर तरी लावावा. मी पदर खोचून उठले.

वहिनींनी माझं मनगट धरलं. घट्ट धरलं, दुखेल असं.

“तू बस,” त्या म्हणाल्या. “तू उठलीस ना, की उद्या तुझी पाठ दिसायला लागेल ह्यांना.”

मी बसले. मग दादा उठले, अंधाऱ्या स्वयंपाकघरात गेले, आणि दिव्याच्या बटणासाठी भिंत चाचपत राहिले.